आता मास्तर वाजवून राह्यले

धनसिंगकाका गाणं वाजवता वाजवता मध्येच थांबतात. भोंग्यावरचं तोंड काढतात, एक बोट वर धरतात आणि समोर जो कोणी असेल त्याला दबक्या आवाजात सांगतात, "थांबा. आता मास्तर वाजवून राह्यले."

मास्तरांना जाऊन वर्ष होत आलं.

समोर बहुतेक वेळा मीच असतो. बोरी अरबच्या बसथांब्यापुढे माझं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन आणि सगळे ऑनलाइन फॉर्म. पीक विमा, सातबारा, आधारला मोबाइल जोडणं, मोबाइलला आधार जोडणं, आणि जोडलेलं तुटलं की पुन्हा जोडणं. सकाळी शटर वर केलं की संध्याकाळी खाली ओढेपर्यंत मी दोनच वाक्यं बोलतो. एक, "सर्व्हर डाऊन आहे." दुसरं, "अंगठा पुसून पुन्हा ठेवा." बायको म्हणते, झोपेतही मी हेच बोलतो. अशा थकल्याभागल्या माणसाच्या पायरीपुढे कोणी पितळी भोंगा आणून वाजवावा, हे कोणत्या जन्माचं पाप असेल ते बाप्पालाच ठाऊक.

तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ते पहिल्यांदा आले. तांड्यावरून तीन किलोमीटर चालत. अंगात लाल कोट, त्याला सोनेरी झालरी, अर्ध्या उसवलेल्या. एका खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी आणि दुसऱ्या हातात लाकडी स्टूल. वय पासष्टच्या पुढे, अंगावर मांस म्हणून नाही, गाल मात्र सुटलेले. माझ्याकडे ग्राहक म्हणून येणारा प्रत्येक माणूस आधी कागद पुढे करतो. यांनी कागद काढला नाही.

"भाऊ, तुमच्या पायरीपुढं बसू का? पायरीवर नाही, पायरीपुढं."

"कायले?"

"वाजवाले."

मला वाटलं टाळ असतील, फार तर बासरी. मी हौ म्हणालो. माणूस थकलेला असला की कशालाही हौ म्हणतो. काकांनी गोणपाट सोडलं, आतल्या वस्तूला हळूच म्हणाले, "चाल याडी," आणि ती पोटाशी घेतली. याडी म्हणजे त्यांच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आई. वरातीत सगळ्यात मागे चालणाऱ्या माणसाच्या पोटाशी तो केळीच्या घडाएवढा, वेटोळ्यांचा भोंगा असतो ना, तो होता. मग त्यांनी गाल फुगवले आणि माझ्या काउंटरवरचे पीक विम्याचे सगळे अर्ज थरथरले.

आता बँडचं एक सांगायला पाहिजे. बँडमध्ये गाणं वाजवतो तो पुढचा क्लॅरिनेटवाला. लोक त्याच्याकडे पाहतात, नाचणारे त्याच्यावरून नोटा ओवाळतात, फर्माइश त्याला करतात. मागचा भोंगेवाला फक्त भों, भोंभों, भों एवढंच करतो. तो नसला तर गाणं पोकळ वाटतं, पण तो एकटाच असला तर गाणंच नसतं. काकांनी उभा जन्म हे भोंभों केलं. पुढे गुलाबमास्तर क्लॅरिनेटवर आणि सगळ्यात मागे धनसिंग आडे. गाण्यात भोंग्याला काम नसेल तेव्हा मांडीवर बोटांनी मोजत चालायचं आणि आपली जागा आली की फुंकायचं.

पहिले अकरा जण होते. मग डीजे आला. गाडीभर स्पीकरचे डबे, छातीत धडधड आणि घराच्या काचा खाली. एकेक करत माणसं गेली, कोणी ऑटो घेतला, कोणी पुण्याला वॉचमन झालं. शेवटी दोघं उरले. दोन माणसांच्या बँडला वरातीत कोण बोलावतं? एखाद्या देवीच्या मिरवणुकीला, एखाद्या हौशी म्हाताऱ्याच्या अंत्ययात्रेला, एवढंच काम. मागच्या दिवाळीनंतर गुलाबमास्तरांच्या छातीत कळ आली. यवतमाळला नेईपर्यंतही राहिले नाहीत.

आणि या गड्याने एकट्याने रस्त्यावर वाजवायला सुरुवात केली. गाणं न घेता, फक्त भोंभों घेऊन!

पहिल्या आठवड्यात गावाची काय फजिती झाली म्हणून सांगू. वरात लांब असते तेव्हा आधी भोंगाच ऐकू येतो, हे आपल्या कानांना पाठ आहे. त्यामुळे काकांनी वाजवलं की रस्त्यावरचे लोक कडेला व्हायचे. बैलगाडीवाला गाडी आवरून धरायचा. बाया पोरांना कडेवर घेऊन बाहेर यायच्या आणि सगळे मिळून दारव्ह्याच्या दिशेने पाहत राहायचे. वरात काही येत नसे. मग लोक मला विचारायचे, "भाऊ, नवरदेव कुठं अटकला?" जसा काही नवरदेवाचाही फॉर्म माझ्याच दुकानात भरला जातो.

दुसरी आफत म्हणजे ते रस्त्याकडे तोंड करून बसत नसत. आयुष्यभर त्यांना मास्तरांची पाठ पाहून वाजवायची सवय. माणसांचे चेहरे समोर आले की ते लाजायचे, फुंक चुकायची. म्हणून ते माझ्याकडे तोंड करून बसायचे आणि गावाकडे पाठ. मी एकदा स्टूल उचलून फिरवून दिलं.

"काका, पब्लिक तिकडं हाय!"

"हौ ना भाऊ. म्हणूनच तं." त्यांनी स्टूल परत फिरवून घेतलं.

रस्त्यावर वाजवायचं तर पुढे एखादं फडकं तरी अंथरावं लागतं, हेही त्यांच्या गावी नव्हतं. तो सगळा कारभार मास्तरांकडे. एका पोराने चॉकलेटचा कागद भोंग्याच्या तोंडात टाकला, तर काकांनी तो काढून, सरळ करून त्याच्या हातात परत दिला आणि म्हणाले, "पडला होता बेटा तुहा." काकांचं सगळं असं. प्रत्येक गोष्टीला त्यांचा एकच शब्द, "हिसाबानं." चहा हिसाबानं, ऊन हिसाबानं, पाऊस हिसाबानं नाही पडला तर सोयाबीन गेलं. मी एखाद्यावर खेकसलो की ते गाणं थांबवून मला सांगायचे, "हिसाबानं, भाऊ, हिसाबानं." माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

शेवटी मी म्हणालो, "काका, वरचं गाणंच वाजवा ना या भोंग्यावर. साधं, सोपं. लोकायले समजन तरी."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी दुसऱ्याच्या ताटातलं उचलायला सांगितलं. "ते मास्तरचं हाय."

मग मी शहाणपणा केला. मोबाइलवर क्लॅरिनेटची एक चाल शोधली, दुकानातल्या डब्यावर मोठ्याने लावली आणि म्हणालो, घ्या, हे मास्तर. काकांनी मनापासून साथ धरली. दोन ओळी बऱ्या गेल्या. तिसऱ्या ओळीत ते मागे पडले, चौथीत पार हरवले, आणि भोंगा मांडीवर ठेवून धापा टाकायला लागले. "हे मास्तर श्वास नाही घेत भाऊ," ते म्हणाले. "मानसानं कुठंतरी श्वास घ्याव का नाही?" मी डबा बंद केला. त्या दिवशी मला त्यांचा राग आला नाही, हे कबूल करतो.

या सगळ्यात जीव कोणाचा जात होता तर काकांच्या मुलाचा. रवी एसटीत कंडक्टर. त्याची ड्यूटी नेमकी यवतमाळ-दारव्हा फेरीवर, म्हणजे गाडी दिवसातून चारदा आमच्या थांब्यावर. खिडकीतून बाप दिसायचा, लाल कोटातला, गावाला पाठ करून भोंभों करणारा. गाडीतले टारगट ओरडायचे, "कंडक्टर साहेब, तुमची वरात लागली पहा!" रवीच्या हाताला त्या दिवसांत काय गती आली होती! शेवटच्या म्हातारीचा पाय पायरीवर पडला न पडला की डबल घंटी.

दसऱ्यानंतर एक दिवस तो सुट्टीवर असताना दुकानात आला. माझ्या काउंटरला टेकून, बापाला ऐकू जाईल असं बोलला.

"दिलीपभाऊ, तुमी साक्षीदार. बाबा, म्या तुमाले कई अडवलं नाही. पण लोकं हासतात. गाणं वाजवता म्हणता ना? मंग दिवाळीपर्यंत एका तरी मानसानं सांगावं, हे अमुक गाणं हाय. आपल्या मनानं, कोणी न सांगता. सांगतलं तं बसा जन्मभर. नाही तं भोंगा मोडीत. भंगारवाल्याशी बोलून ठेवलं म्या."

मला वाटलं म्हातारा भांडेल. काकांनी मांडीवर बोटं मोजली, दिवाळीपर्यंतचे आठवडे असावेत, आणि म्हणाले, "हिसाबात हाय."

त्यांचे डोळे मात्र भोंग्यावर होते, आणि अंगठा त्याच्या पितळेवरून फिरत होता. रवी पोरगा वाईट नाही. जाताना त्याचाही चेहरा उतरलेला होता.

त्यानंतर गावाला नवीन खेळच मिळाला. येणारा-जाणारा ओळखायला लागला. कोणी म्हणे आरती, कोणी म्हणे निवडणुकीच्या प्रचाराचं गाणं, एक जण म्हणाला, "म्हैस व्याली." काका प्रत्येकाचं नीट ऐकून घ्यायचे आणि मान हलवायचे. "नाही भाऊ. पण जवळ आले तुमी." म्हैसवाल्यालासुद्धा हेच.

मी, ज्याला हा भोंगा नकोसा होता, तो मी लबाडी करायला निघालो. काकांकडूनच काढून घेतलेलं गाण्याचं नाव समोरच्या चहावाल्याला पढवलं, म्हणालो, जाऊन छातीठोक सांग. तो बिचारा हातातली किटली ठेवून आला आणि छातीठोकपणे सांगितलं. काका म्हणाले, "वा! हेच वाजवलं होतं. पण ते मगाशी. आता दुसरं चालू हाय." मला त्यातला फरक कळला नव्हता. मला सगळी भोंभों सारखीच.

दिवाळी चार दिवसांवर आली. बाजारात पणत्या आल्या, कापूस घरात यायला लागला, माझ्या दुकानात गर्दी आणि सर्व्हर आपल्या जागी, म्हणजे बंद. भंगारवाला आदल्या दिवशी येऊन भोंग्याचं वजन डोळ्यांनी करून गेला होता. काकांनी त्याला चहा पाजला.

अशा दुपारी एक बाई आल्या. साठीच्या, कोरं कपाळ, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेले कागद. निराधार योजनेच्या महिन्याच्या पगारासाठी हयातीचा दाखला पाहिजे होता. आपण जिवंत आहोत हे सांगायला माणसाला माझ्यापुढे अंगठा ठेवावा लागतो. मी कागद पाहिला. नवऱ्याच्या नावात गुलाब होतं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, काकांकडे तर नाहीच. काकांनी मात्र त्यांना येताना पाहिलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून स्टूल फिरवलं आणि बाईंकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड केलं.

"अंगठा पुसून पुन्हा ठेवा," मी म्हणालो. मशीन घेईना. भांडी घासून, निंदण करून बाईंच्या अंगठ्यावरच्या रेषाच गेल्या होत्या. "बसा काकू. सर्व्हर येऊ द्या." त्या बाकावर बसल्या, मान खाली घालून.

बाहेर काकांनी सुरू केलं. भों, भोंभों, भों. मी दुसऱ्याचा फॉर्म भरायला घेतला. आणि थोड्या वेळाने माझा हात थांबला. दुकानात कोणीतरी गुणगुणत होतं. अगदी बारीक, ओठ न उघडता. बाकावरच्या बाई. मान तशीच खाली, बोटांनी पिशवीची घडी घालणं चालू, त्यांना स्वतःलाही ते कळत नसावं. वरून त्यांचं गुणगुणणं आणि खालून भोंगा. आणि काय सांगू, मला गाणं ऐकू आलं! नवरी सासरी निघते तेव्हा वाजवायचं ते. माझ्या बहिणीच्या लग्नात मास्तर आणि काकांनीच वाजवलं होतं, आणि आमचे बाबा गाडीच्या मागे चालत गेले होते. दोन महिने हा माणूस माझ्या तोंडासमोर हे वाजवत होता आणि मी त्याला भोंभों म्हणत होतो. माझीच मला लाज वाटली.

गाणं कडव्यावर आलं. बाईंचा आवाज वर चढला, आणि नेमक्या त्याच ठिकाणी काकांनी एवढ्या जोराने फुंकलं की बाहेरचं कुत्रं उठून पळालं. बाई थांबल्या. मान वर केली. आणि त्यांना हसू फुटलं.

"धनूभाऊ! अजून जोरानंच फुकता का इथं?"

काकांनी मागे वळून पाहिलं नाही. "सवय पडली वैनी."

"ते इथंच चुकत होते ना? वरचा सूर लागत नव्हता त्यायचा कई."

"नाही नाही. मास्तर कायले चुकतीन?"

"राहू द्या. त्यायले मालूम होतं. घरी येऊन सांगत मले. म्हणत, धन्या तिथं इतक्या जोरानं फुकते का माही चूक मलेच ऐकू येत नाही. जलमभर झाकलं बावा त्यानं, म्हणत, अन् एका शब्दानं नाही बोलला." त्या हसत होत्या. "असं म्हणत होते बरं का तुमाले..." पदर तोंडात धरला आणि त्या जे रडायला लागल्या ते रडतच राहिल्या. दुकानातल्या दोन बायांनी त्यांना धरलं. मी फॅन मोठा केला. दुसरं मला काय येतं?

बऱ्याच वेळाने त्या शांत झाल्या, पाणी प्यायल्या. मशीनने अंगठा घेतला, दाखला निघाला. जाताना त्या काकांच्या स्टुलापाशी क्षणभर उभ्या राहिल्या. "घरी या धनूभाऊ. दिवाळीले. दार उघडं राहीन," म्हणाल्या आणि ऑटोत बसल्या.

मी आधी रवीला फोन लावला. तो दारव्ह्याच्या स्टँडवर होता.

"ओळखलं रे गाणं! कोणी न सांगता. मी साक्षीदार."

"कोणं?"

"गुलाबमास्तरांच्या बाईनं."

मग तो म्हणाला, "काकू घराबाहेर निघाल्या? दिलीपभाऊ, मास्तर गेले तवा त्या एक टिपूस रडल्या नाही. दार लावून घेतलं, ते लावूनच. लोकांचं ज्वारी-दाळ दारात ठेवलेलं घेत, पण बोलत नव्हत्या. बाबा उन्हाळाभर त्यायच्या दाराशी जाऊन उभे राहत. आतून म्हणत, नंतर या भाऊ. मंग कोणं तरी बाबाले सांगतलं, निराधारवाल्यायले वर्षातून एकडाव तुमच्या दुकानात यावंच लागते." मग म्हणाला, "मले वाटे, बुढा सठियाला. भंगारवाल्याले मी सांगतो. भोंगा राहू द्या."

मी बाहेर गेलो. आनंदाची बातमी होती, मला ती सांगायची घाई झाली होती. "काका, रवी हौ म्हणाला! भोंगा राहिला तुमचा!"

त्यांनी ऐकलं नसावं. ते रस्त्याकडे पाहत होते, ऑटो गेला त्या बाजूला. भोंगा मांडीवर आडवा.

"रडली का वैनी?" त्यांनी विचारलं.

"हौ काका. खूप रडल्या."

"बरं झालं." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बरं झालं. घरच्या मानसाच्या आंधी आपुन कसं रडाव भाऊ? मी कोण, मागचा भोंगेवाला. वर्ष झालं, थांबून होतो."

आणि मग तो म्हातारा, लाल कोटातला, भर दुपारी, भर रस्त्यात, तोंड उघडं टाकून लेकरासारखा रडला. मी त्यांच्याजवळ जमिनीवरच बसलो आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. कोट घामाने चिंब झाला होता. समोर यवतमाळची गाडी लागली. उतरणारे लोक भोवती गोळा झाले, एका म्हातारीने वाकून मला विचारलं, "काय झालं रे बावा, काहून रडून राह्यला बिचारा?"

"त्यायचे मास्तर वारले," मी म्हणालो.